स्ट्रेटनर आणि ताईचा हात

मैत्रिणींनो, आज दुपारचीच गोष्ट आहे, पण अजून सावरले नाहीये.

माझ्या लेकीचे केस कमरेपर्यंत. तिला स्ट्रेटनर घ्यायला आम्ही डोंबिवलीत स्टेशनजवळच्या दुकानात गेलेलो. सोबत माझी मोठी बहीण, ताई. हल्ली ती माणसं विसरते, म्हणून तिला घरी एकटं सोडत नाही.

"लांब केसांना रुंद पट्टीचाच घ्या, पटापट होतात," असं म्हणत दुकानातली मुलगी लेकीच्या बटेवर तापलेला स्ट्रेटनर फिरवायला लागली.

ताई झटकन पुढे झाली आणि लेकीच्या मानेवर आपला हात आडवा धरला. "हलू नकोस गं नीलू, भाजेल!"

नीलू म्हणजे मी.

नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. कल्याणच्या चाळीत मला बघायला पाहुणे यायचे. तेव्हा ताई मला खाटेला टेकून बसवायची, माझे कुरळे केस गादीवर पसरायची आणि कपड्यांच्या इस्त्रीने सरळ करायची. माझ्या मानेला चटका बसू नये म्हणून मध्ये तिचा हात असायचा. त्या हातावर भाजल्याचा डाग अजून आहे.

मला राहवेना. म्हटलं, "ताई, अगं नीलू मी आहे. इकडे बघ ना."

तिने परक्या बाईकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही जरा सरका हो. माझ्या बहिणीला चटका बसेल."

मी सरकले.

तुम्ही काय केलं असतं?