पिनरची बारा काडतुसे

पिनरमधल्या त्या घराची आठवण झाली की आजही मी स्वतःवरच चिडतो. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मी इथल्या ब्रिटिश पोलिसांच्या शस्त्र परवाना विभागात होतो. काम रुक्ष. परवानेधारकाच्या घरी जायचे, बंदुकीचा नंबर जुळवायचा, कपाटाचे कुलूप तपासायचे, काडतुसे मोजायची. या कामाने संशय अंगात इतका मुरला होता, की लग्नाला गेलो तरी मी लोकांचे हात कुठे आहेत तेच बघायचो.

एका मंगळवारी पिनरहून एका इंग्लिश बाईंचा फोन आला. शेजारचे डॉक्टर बागेतल्या शेडमध्ये बसून कमी आवाजाची काडतुसे बनवतात, असे त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी स्वतःच कुंपणावरून त्यांना तसे सांगितले होते. मग बाईंचा आवाज खाली आला. डॉक्टरांची बायको तीन आठवडे दिसलेली नाही, आणि बैठकीच्या दाराला बाहेरून कडी बसवलेली त्यांनी स्वतः पाहिली होती.

फाइल काढली. मूळचे पुण्याचे, निवृत्त भूलतज्ज्ञ, वय सत्तर, रायफल क्लबचे जुने मेंबर. एक टार्गेट रायफल. घरी काडतुसे भरण्याची परवानगी होती आणि त्यात गुन्हा काहीच नव्हता. दारू कमी भरली की गोळी आवाजाच्या वेगाखाली राहते आणि तो कानठळ्या बसवणारा कडाका होत नाही. हेही कायदेशीरच. पण टार्गेटच्या कागदाला कान नसतात. मग ही शांतता कोणासाठी?

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी डॉक्टरांच्या दारात होतो. माझ्या ओळखपत्रावरचे आडनाव वाचून डॉक्टर खूश झाले. "अरे वा, म्हणजे आपलेच!" हे वाक्य मला कधीच आवडले नाही. ते म्हणणाऱ्याला बहुधा सवलत हवी असते.

शेड ऑपरेशन थिएटरसारखे स्वच्छ होते. तराजू झाकलेला, काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या ट्रेमध्ये ओळीने उभ्या. वहीत तर त्या दिवशीचे हवामानसुद्धा लिहिलेले.

"डॉक्टर, आवाज कमी कशाला हवा?"

"अहो, कान गेलेत माझे."

"त्याला इअर डिफेंडर्स मिळतात की."

"मिळतात ना," असे म्हणून ते आधीच पुसलेला तराजू पुन्हा पुसायला लागले.

वहीत पन्नास काडतुसे भरल्याची नोंद होती. कुलपातली मी दोनदा मोजली. अडतीस भरली.

"बारा कुठायत?"

"संडेला क्लबमध्ये मारली. एन्ट्री करायची राहिली."

हवामान लिहिणारा माणूस बारा काडतुसे लिहायला विसरतो?

"काकू कुठे आहेत?"

"झोपल्यात. डिस्टर्ब नको करायला."

तिथून मी सरळ क्लबात गेलो आणि रजिस्टर पाहिले. गेले तीन रविवार डॉक्टर फिरकलेच नव्हते. म्हणजे बारा जिवंत काडतुसे बेपत्ता, डॉक्टर खोटे बोलतात आणि बाई कडीच्या आत. खरे सांगतो, मला भीती वाटली. सार्जंटला बोलावून घेतले आणि तासाभरात आम्ही दोघे परत त्या दारात उभे राहिलो.

आम्हाला पाहून डॉक्टर दारातून बाजूला झाले. बैठकीची कडी त्यांना काढवेना, ती मीच काढली.

आत काकू सतरंजीवर बसल्या होत्या. पातळ नीट नेसलेले, समोर वाटीत चिंचेचा कोळ, हातात पितळी ताम्हन. सार्जंट त्यांच्याकडे बघत राहिला. माझी नजर सवयीने देव्हाऱ्याकडे गेली. घासून लखलखीत केलेली बारा काडतुसे देवांपुढे अर्धगोलात उभी होती आणि त्यांच्या मधोमध निरांजन तेवत होते.

मी धावत जाऊन फुंकर मारली.

"अरे मेल्या, तोंडानं विझवतात का?" काकू कडाडल्या. "घरी काही शिकवलं नाही का?"

डॉक्टर खुर्चीत बसून रडायला लागले. सत्तरीचा माणूस, हुंदके देऊन.

स्वयंपाकघरात त्यांनी जबाब दिला. काकूंना विस्मरणाचा आजार होऊन दोन वर्षे झाली होती. एकदा त्या ट्रेनमध्ये बसून कुठल्या कुठे गेल्या, तेव्हापासून कडी. मराठी मंडळातल्या कोणालाही डॉक्टरांनी कळू दिले नव्हते. एकटे सोडता येत नाही म्हणून रविवारी काकूंना ते क्लबात नेत, पण गोळीच्या आवाजाने त्या थरथरत. म्हणून ही कमी आवाजाची काडतुसे. नवी भरली त्याच दिवशी काकू पुन्हा बाहेर गेल्या, आणि क्लबही थांबला. बारा कमी असल्याचे त्यांच्या लक्षात आले होते. एकदा शेड उघडे राहिले, तेव्हा काकूंनीच उचलली असणार, हेही कळत होते. ते आठवडाभर कपाटे धुंडाळत होते.

"देव्हाऱ्यात बघितलं नाहीत?"

"ते डिपार्टमेंट तिचं. मी नास्तिक माणूस. कधी हात जोडले नाहीत तिथे."

"कळवायचं होतं."

"कळवलं असतं तर रायफल गेली असती. ती गेली की आमचा रविवारही गेला."

ती गेलीच. नियमच तसा आहे, आणि तो बरोबर आहे. पावती मीच फाडली. सही करताना डॉक्टर म्हणाले, "एक विनंती आहे. रोज सकाळी ती आत बारापर्यंत मोजते. काय मोजते ते आज कळलं. ती बारा तिला परत मिळतील का?"

आमच्या शस्त्रागारातल्या माणसाने त्यांतली दारू, गोळी, सगळे काढले. रिकाम्या पुंगळीला परवाना लागत नाही. तरी साहेबांची लेखी परवानगी घेतली आणि पंधरा दिवसांनी बारा पुंगळ्या घेऊन मी पिनरला गेलो. काकूंनी मला ओळखले नाही. त्यांनी पुंगळ्या मोजल्या, देवांपुढे मांडल्या आणि मला म्हणाल्या, "बसा, चहा टाकते." डॉक्टर उठले आणि चहा त्यांनीच केला.

त्यानंतर बरीच वर्षे मी घरोघर काडतुसे मोजली. संशय कमी झाला नाही, आणि तो कमी होऊही नये. पण त्या घरात मी काकू कुठे आहेत एवढेच विचारले होते. कशा आहेत हे विचारले असते, तर मला वाटते, त्या माणसाने शेडच्या दारातच सगळे सांगून टाकले असते.