कामिनीचा पेपर अन् मोहल्ल्याचा घोर

माझी धाकटी जाऊ कामिनी लाखनीच्या बाजारात मासोळ्या विकते. भाव पाडून मागणाऱ्याले ती असं काही सुनावते का तो मुकाट्यानं पैसे देऊन जाते. पण पेपर समोर आला का हिचे हात थंडगार! बीएले अर्धा पेपर कोरा ठेवून आली होती, कशीबशी पास झाली. अन् आता बाईले वकील व्हायचं होतं. आमच्या तलावाच्या ठेक्याच्या केसमध्ये मच्छीमार सोसायटीचा वकील तारखेले यायचा अन् मोबाईल पाहत बसायचा. ते पाहून हिचं डोकं फिरलं. "याच्यापेक्षा मी बरी," म्हणे. बरीच आहे, पण त्याच्यासाठी आधी सीईटी द्या लागते.

अभ्यास जोरात सुरू झाला. पुस्तक संपलं का परत पहिल्या पानापासून. मी म्हटलं, "अवं, एखादा सराव पेपर तं सोडव!" तं म्हणे, "सारं पाठ होऊ द्या ना, जाऊबाई. मग सोडवीन." हे 'मग' काही येईना. मले असा राग आला! भेव लागते हे सरळ सांगत काहून नाही? या खेपेले खऱ्या पेपरात हात गळाले तं ही पुन्हा अर्ज भरणार नाही, हे मले पक्कं माहीत होतं.

एका रविवारी मी जुन्या पेपरची झेरॉक्स आणली अन् सासूबाईले सांगितलं, "आज कामिनीची परीक्षा आहे." सराव हा शब्द मी गिळून टाकला. झालं! सासूबाईनं सारा मोहल्ला गोळा केला. समाजमंदिर झाडून घेतलं, ओवाळलं, हातावर दही-साखर ठेवली. कामिनीनं माझ्यावर डोळे वटारले, पण एवढ्या बाया समोर उभ्या, पळून जाते कुठं? बसली. दोन तास बाहेर कोणी खोकललं नाही. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष केवळरामभाऊ तं दारात काठी घेऊन कोंबड्या हाकलून राहिले होते.

उत्तरं मीच तपासली. एकशेवीसपैकी एक्केचाळीस.

मोहल्ला खवळला. "पेपरच वाकडा काढला! चला तहसीलवर मोर्चा नेऊ!" केवळरामभाऊ ओरडले. सासूबाईनं पदर डोळ्याले लावला. शेजारीण सांत्वनाले झिंग्यांची भाजी घेऊन आली. कामिनी जे हसायले लागली ते खालीच बसली. "अवं, हा सराव होता, सराव!" म्हणता म्हणता तिले उचकी लागली. मले शिव्या पडल्या, अन् त्या शिव्या देता देता सारेच हसू लागले.

"एक्केचाळीस तं एक्केचाळीस," कामिनी झिंगे खात म्हणाली. "मेली तं नाही ना मी! आणा पुढच्या रविवारी दुसरा."

तवापासून दर रविवारी पेपर. जिथं मार्क गेले तेवढंच आठवडाभर वाचायची. आता मले कोणी विचारलं का सराव कधी सुरू करावा, तं मी सांगते, पुस्तक अर्धं झालं नसलं तरी करा, कच्चं कुठं ते तं कळते! मोहल्ल्यात सुरुवातीले मॅचसारखे मार्क विचारायचे, मग त्यांनाही कंटाळा आला. सासूबाई मात्र आकडा ऐकल्याशिवाय जेवत नव्हत्या.

खरी परीक्षा नागपूरले होती. "कोणाले सांगू नका, नाहीतर वरात निघन," कामिनीनं मले शपथच घातली. घरी बाजाराचं नाव सांगून आम्ही दोघीच एसटीनं गेलो. ती बाहेर आली तवा मी तिचे हातच धरले. गरम होते.

"खरी परीक्षा होय हे विसरलीच मी, जाऊबाई," ती म्हणाली. "वेळ पुरवता पुरवता ध्यानातच नाही राहिलं."

निकाल लागला. शहाऐंशी मार्क, अन् पुढं कॉलेजात नंबरही लागला. कामिनीनं सासूबाईचे पाय धरले.

"शहाऐंशी?" सासूबाईचं तोंड उतरलं. "मागं तं नव्वद होते वं! असू दे, खऱ्या परीक्षेत होतीन."

"आई, हे खऱ्या परीक्षेचेच होत! कॉलेजात नाव लागलं माझं."

सासूबाईनं पदर खोचला. मग तरातरा अंगणात गेल्या अन् साऱ्या मोहल्ल्याले ऐकू जाईन अशा ओरडल्या, "या वं बायांनो! माझी सून वकिलीले चालली! या खेपेले खरंच!"