यल्लव्वाचं कणीस

चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघा नवराबायकोनं गणपतीवर टांगायची रानफळांची माटोळी बांधली. मी स्टुलावर, ती खालून एकेक फळ देत होती. तेच आमचं शेवटचं काम. सगळं बांधून झालं तरी ती वर बघतच राहिली. मग तिचं नेहमीचं, "कोण रवलो रे?" कुणी राहिलं तर नाही ना, हा घोर तिला जन्माचा.

शाळेत तिला आम्ही आजी म्हणायचो. आठ वर्षांची आजी. गोव्यातल्या पाळी गावची आमची शाळा म्हणजे खाणीवर आलेल्या सगळ्या मुलखांची पोरं. माझा बाप सावंतवाडीकडून ट्रकावर कामाला आलेला. मिंगेल इथलाच क्रिस्तांव, इस्माईल ड्रायव्हराचा, यल्लव्वा कानडी मजुराची. घरी प्रत्येकाची भाषा वेगळी, शिव्या मात्र सगळ्यांना सगळ्या यायच्या. शाळा सुटली की रस्त्यावर खनिजाचे ट्रक. आजी सगळ्यांना कडेला अडवायची, पलीकडे नेऊन पुन्हा मागं बघायची. "आजी, तुझी काठी खंय?" इस्माईल चिडवायचा. ती हसत नसे.

शाळेत सरस्वती बसायची, तिच्यावरही माटोळी. बाईंनी सांगितलं, टांगायला घरून काहीतरी आणा. मिंगेलनं परसातले आंबाडे आणले, इस्माईलनं खजूर. यल्लव्वानं आणली दोरा ओवलेली जोंधळ्याची भाकरी. पोरं लोळून हसली. भाकरी कोण माटोळीला बांधतं? पण तिला हे कोण सांगणार होतं? ती भाकरी पाठीमागं लपवून दारातच उभी राहिली. आजी बाईंना म्हणाली, "भाकरी नाका जाल्यार कणीस बांधूया. तेंच तें." दुसऱ्या दिवशी कणीस आलं.

पुढं यल्लव्वाची माणसं कुठल्या खाणीवर गेली, कळलं नाही. माझं आजीशी लग्न झालं आणि दर चवथीला आमच्या माटोळीत जोंधळ्याचं कणीस. असलं आमच्यात नाही, अशी आई कुरकुरायची. तुमच्यात नसेल, माझ्या शाळेत होतं, असं आजी तोंडावर सांगायची.

यंदा बाजारात कणीस मिळालं नाही. ती धड जेवली नाही. मी म्हटलं, गणपती काय मोजायला बसणार आहे? "तो ना मोजचो. हांव मोजतां." शेजारच्या बांधकामावर कानडी माणसं राहतात, सकाळी त्यांना विचार, असं पुन्हापुन्हा सांगून आडवी झाली.

सकाळी उठलीच नाही. हात लावला तर गार.

मुलगा आतल्या खोलीत होता. त्याला हाक मारली की सुतक, गणपती दुसऱ्याच्या घरी, माटोळी खाली. मी हाक मारली नाही. तिची चादर नीट केली आणि अनवाणी त्या कानडी माणसांकडे गेलो. त्यांच्या दारावर कणसांचं तोरण होतं. मी त्याकडे बोट केलं. बाईनं विचारलं, "अज्जा, देवाला?" मी मान हलवली. तिनं तोरणातलं एक कणीस तोडून दिलं.

घरी येऊन स्टुलावर चढलो. खालून धरायला कोणी नव्हतं, स्टूल डुगडुगत होतं. कणीस बांधलं, गाठ ओढून बघितली. मग मुलाला हाक मारली.