चिंचेच्या पाण्यातला हत्ती

मंडळी, आधीच सांगतो, आमच्या अड्याळमध्ये लोक माझं बोलणं निम्म्याने कापून घेतात. मी दहा किलोचा मासा म्हटलं, की ऐकणारा पाच धरतो. कापा, हरकत नाही. पण आजची गोष्ट कापू नका… आणि भुताखेतांचं म्हणाल तर माझा विश्वास शून्य. स्मशानात बसून डबा खाल्लेला माणूस आहे मी. बरं, स्मशानाच्या गेटबाहेर.

माझं सायकल-दुरुस्तीचं दुकान, आणि जुनी नाणी जमवायचा-विकायचा नाद. नाद मूळचा वडिलांचा. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मोडीच्या भांड्यांत त्यांना मिळालेलं तांब्याचं एक नाणं माझ्याकडे होतं – एका बाजूला हत्ती, वर राजाच्या नावाची अख्खी अक्षरं. फोटो पाहून नागपूरच्या व्यापाऱ्याचा फोन आला, "भाऊ, आहे तसंच काळं-हिरवं आणा. घासलं की भंगार."

त्या नाण्यावर माझ्या बायकोच्या, सुमनच्या, डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं. तिला समोरचा माणूस धुक्यातल्या म्हशीसारखा दिसायचा.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी दुकानातून घरी आलो, तर अंगणात नाण्यांची पिशवी रिकामी आणि सुमनपुढे घमेलं.

"हे काय करून राहिली तू?"

"पूजेले नाणी ठेवाची ना. चिचेच्या पाण्यात टाकली. लक्ष्मीपुढं काळीकुट्ट ठेवाची का?"

"अवं, त्यात हत्ती होता."

"मले हत्ती दिसला असता, तर आपरेशन कायले लागलं असतं?"

घमेल्यात हात घातला. एकेक नाणं नव्या नवरीसारखं चकचकीत वर आलं. हत्ती मात्र नाही. पाणी गाळलं, पिशवी उलटी केली… नाहीच.

सुमन मुसमुसायला लागली. "माह्याच हातानं माहे डोळे घालवले मी."

तेवढ्यात घरातून आवाज आला. कट्… कट्… सुपारी कातरल्याचा.

आमच्या घरात पान खाणारे एकटे वडील. सुमनने मान वर केली. सासऱ्यांना ती ज्या नावाने हाक मारायची, तेच तिच्या तोंडून निघालं, "मामाजी?" म्हणजे आवाज माझ्या एकट्याच्या डोक्यातला नव्हता.

फळीवर त्यांचा पितळी पानडबा होता. ते गेल्यापासून झाकण गच्च बसलेलं. पान्याने ठोकून उघडलं. आत अडकित्ता गंजून जाम, जागचा हलेना. शेजारी विड्याचं एक पान… ताजं, हिरवं, देठाला पाण्याचा थेंब. पानात गुंडाळलेला हत्ती. कोरडा, काळा-हिरवा, जसाच्या तसा.

तुम्ही म्हणाल, तूच ठेवला असशील. मीही स्वतःवर संशय घेऊन पाहिला. पण आदल्या संध्याकाळी मीच तो पिशवीत टाकून गाठ मारली होती. आणि ताजं पान? त्या बंद डब्यात?

व्यापाऱ्याने भिंगातून बघताना नाक पुढे केलं. "याला विड्याच्या पानाचा वास कसा?"

मी म्हटलं, "घरच्यांचा आहे."

ऑपरेशन झालं. घरी आल्यावर सुमन वडिलांच्या फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली. मग न वळताच म्हणाली, "अवो, बाजारातून येताना एक पान आणत जा. चुना-कात लावून."

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी डब्यात विडा ठेवतो. तो सकाळी कुठे जातो, विचारू नका. हे सगळं कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. कापायचंच असेल तर यातलं निम्मं कापा. पण सुमन आता उंबऱ्यात बसून सुईत दोरा ओवते… ते कोणाला कापता येणार नाही.