तिसरी पायरी, एक संत्रं आणि सलग सहा विजय

जगातली काळजी माणशी सारखी वाटायची ठरली असती, तर आमच्या भावोजींनी रांगेत पहिलं उभं राहून इतरांचाही वाटा घरी नेला असता. भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मूळचे नागपूरचे, पेशाने पुलांचे इंजिनिअर, आणि तीसेक वर्षं अमेरिकेच्या सीमेच्या उत्तरेला, एटोबिकोत राहूनही एकाही पुलावरून निश्चिंत मनाने न गेलेले. ऑक्टोबर उजाडला की तिथून तासाभरावरच्या केंब्रिजला मला त्यांचा फोन येई, "विंटर टायर्स लावलेस का?" बाहेर लोक अजून अर्ध्या बाह्यांत फिरत असत. विमानतळ घरापासून दहा मिनिटांवर, तरी कुणाला सोडायचं असलं की हे पाच तास आधी निघत, आणि त्या दहा मिनिटांत काय काय होऊ शकतं ते वाटेत समजावून सांगत. बर्फ शोव्हल करायला फावडी दोन, कारण एक मोडलं तर? तिसरं गॅरेजमध्ये, कारण दुसरंही मोडलं तर?

अशा माणसाने जीव लावायला एखादा भरवशाचा संघ निवडावा. यांनी निवडला सीमेपलीकडच्या, गाडीने दोन तासांवरच्या गावाचा अमेरिकन फुटबॉल संघ. हंगामानंतरच्या बाद फेरीच्या, म्हणजे प्लेऑफच्या, उंबरठ्यापर्यंत जायचं आणि चप्पल विसरल्यासारखं परत फिरायचं, ही त्याची रीत. संघ मागे असला की भावोजी अस्वस्थ, आणि पुढे असला की त्याहून अस्वस्थ. "पुढे असणाऱ्यालाच गमवायला काही असतं नं," असं म्हणत ते उशी पोटाशी धरून बसत.

त्या वर्षी मात्र काळजीला खरंच कारण होतं. त्यांचा मुलगा इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सरेला, इलेक्ट्रिशियन झाला होता. त्यावरून बापलेकांत जे काही बोलणं झालं, त्यानंतर दोन वर्षं तो घरी आला नव्हता. दोघांत बोलायला एकच विषय उरला होता, फुटबॉल, आणि तोही जिंकलं तरच, कारण हरल्यावर भावोजी कुणाचाच फोन घेत नसत. नोव्हेंबरात तो फोनवर म्हणाला, "डॅड, इफ दे मेक द प्लेऑफ्स, आय अ‍ॅम कमिंग होम." त्याने सहज म्हटलं असेल. भावोजींनी ते नवसासारखं धरलं.

आणि संघ जिंकायला लागला.

पहिल्या विजयाच्या रविवारी मी ताईचा कुकर परत द्यायला गेले होते आणि बेसमेंटच्या जिन्यात, वरून तिसऱ्या पायरीवर बसून संत्रं खात होते. भावोजी खाली टीव्हीसमोर होते, ताई तिथेच इस्त्री करत होती. फोनचा रिसीव्हर चुकून नीट ठेवायचा राहिला होता. पुढच्या शनिवारी भावोजींचा फोन आला: "उद्या ये. संत्रं आण. तिसरीच पायरी." नागपूरला रेडिओवर कसोटी ऐकताना विकेट पडू नये म्हणून याच गृहस्थांनी आपल्या काकांना दोन तास एका पायावर उभं ठेवलं होतं, हे मला ठाऊक होतं, म्हणून वाद घातला नाही. माझ्या फ्रिजवर कायम तीन याद्या लावलेल्या असतात. भावोजी म्हणाले, "तुझ्या याद्यांचा एकदा तरी उपयोग होऊ दे," आणि चौथी माझ्याकडून करून घेतली: कोण कुठे, हातात काय, रिसीव्हर काढलेला. फोर-ओ-वन हायवेवर बर्फ असो, वारं असो, मी रविवारी एक वाजता संत्र्यासह हजर. चौथ्या आठवड्यापर्यंत ताईचे कपडे संपले आणि ती इस्त्री केलेल्या कपड्यांनाच इस्त्री करू लागली.

सलग सहा विजय झाले. शेवटचा सामना जिंकला की प्लेऑफ जवळजवळ हातात. समोरच्यांची जागा आधीच पक्की, म्हणून त्यांनी मुख्य खेळाडू बसवून ठेवले होते. "मग सोपंच आहे," ताई म्हणाली. भावोजी पांढरे पडले. "सोपं म्हणू नको गं!"

शेवटचा डाव सुरू होता. आम्ही थोडे मागे, पण चेंडू आमच्याकडे. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

"कोणी हलायचं नाही!"

पुन्हा वाजली. ताईची इस्त्री हवेतच थांबली. "अहो, कुणीतरी आहे."

"मॅच संपल्यावर येतील."

तिसऱ्यांदा वाजली आणि थांबली. अशा थंडीत कुणी हौसेने तीनदा बेल वाजवत नाही, हा साधा हिशेब माझ्या डोक्यात आला आणि मी अर्धं संत्रं हातात घेऊन उठले. मागून आवाज आला, "काहून उठली!"

दार उघडलं. ड्राइव्हवेवर बॅग ओढत कुणीतरी परत निघालं होतं. मी हाक मारली, तसा तो वळला. आमचाच मुलगा.

"मावशी! फ्लाइट लेट झाली. आय कॉल्ड फ्रॉम द एअरपोर्ट लाइक टेन टाइम्स. बिझी, बिझी, बिझी!"

पाच तास आधी विमानतळ गाठणाऱ्या माणसाचा मुलगा दोन वर्षांनी उतरला, तेव्हा न्यायला कुणी नव्हतं, आणि रिसीव्हर काढायची नोंद माझ्याच अक्षरात होती.

"अरे, पण प्लेऑफ अजून ठरलेलं नाही."

"आय नो. आय वॉन्टेड टू वॉच धिस वन विथ हिम. विन ऑर लूज."

त्याच क्षणी खालून आवाज आला. आमच्या खेळाडूच्या हातून चेंडू निसटला होता आणि समोरचा तो घेऊन पळत सुटला होता.

आम्ही जिना उतरलो. भावोजी टीव्हीकडेच बघत म्हणाले, "जागा कोणी सोडली?"

"मी," म्हटलं.

मग ते वळले. मुलाकडे बघत राहिले. पोटाशी धरलेली उशी बाजूला ठेवली, सोफ्यावर जागा केली आणि म्हणाले, "बस इथं. थोडा वेळ आहे अजून."

संघ हरला. ताईने पहिल्यांदाच इस्त्रीचा प्लग काढला. त्याकडे बघत भावोजींनी विचारलं, "त्या तुझ्या कामात शॉक-बिक लागत नाही नं?"

"डॅड, आय टर्न ऑफ द ब्रेकर फर्स्ट."

"आणि कोणी परत चालू केला तर?"

मुलगा हसला आणि ब्रेकरला कुलूप कसं लावतात ते सांगू लागला. भावोजी पुढे सरकून ऐकत होते, शंका काढत होते. जेवणं झाली तरी ते संपलं नव्हतं.

पुढच्या सप्टेंबरात त्यांचा फोन आला. "यादी नवीन कर. फोन जागेवर ठेवायचा. तिसऱ्या पायरीवर कोणी नाही. तू वर, दाराजवळ."

"अहो भावोजी, तिथून मॅच दिसत नाही."

"तुला कुठं कळते मॅच!"

त्यानंतर इतके हंगाम गेले, संघ प्लेऑफला गेलेला नाही. मुलगा कधी येतो, कधी नाही. मी मात्र जमेल त्या रविवारी संत्रं घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसते. खालून मधूनच आवाज येतो, "बेल वाजली का गं?" मी सांगते, नाही. मग थोड्या वेळाने, संघ पुढे असो की मागे, ते पुन्हा विचारतात.