वाळूवर उतरवलेलं इंजिन

मंडळी, मी मालवणजवळच्या एका शाळेत नववी-दहावीला इंजिन दुरुस्ती शिकवतो. आज सकाळी किनाऱ्यावर माझी विद्यार्थिनी दीक्षा वाळूत बसून वडिलांच्या होडीचं इंजिन खोलत होती. दोन खलाशांनी ते होडीवरून सोडवून तिच्यासमोर आणून ठेवलं होतं.

"होडीतच का नाही केलं?" मी विचारलं.

"बाईलमाणसान होडयेत पाय ठेवचो नाय, सर," शेजारी उभे असलेले तिचे वडील म्हणाले.

दुरुस्तीनंतर चाचणीसाठी पाण्याच्या पिंपात धरल्यावर इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. दीक्षाने हात पुसत विचारलं, "बाबा, आनि भर दर्यात बंद पडला तर?"

"तुका फोन करतलंय."

भर दर्यात रेंज नसते, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मुलींचं शिक्षण आमच्याकडे पाण्याच्या काठापर्यंत चालतं. तुमच्याकडे कुठपर्यंत?