शेजाऱ्याहून मोठा टीव्ही

मित्रांनो, आज सकाळी पुतण्यासोबत टीव्ही घ्यायला जळगावला गेलो. दुकानदाराने विचारलं, "खोली केवढी आहे?" हा शहाणा म्हणतो, "खोलीचं सोडा. समोरच्या शेजाऱ्याकडे आहे ना, त्याहून मोठा दाखवा." आणि घेतलाही!

अगदी बापावर गेलाय. नव्वदच्या दशकात धरणगावला कापूस विकल्या विकल्या माझ्या थोरल्या भावाने गल्लीतला सगळ्यात मोठा टीव्ही आणला. खोली एवढीशी. आत बसलं की डोळ्यांतून पाणी यायचं. मग हे मालक स्वतःच बाहेर ओट्यावर बसून दारातून बघायचे. वर तोरा काय, तर "बठ्ठी गल्लीमा असा टीव्ही नही शे!"

पुतण्याच्या फ्लॅटला तर ओटाही नाही. हा कुठून बघणार? समोरच्या शेजाऱ्याच्या सोफ्यावरून?